हौशी गोल्फपटूची मेहनत : महाराष्ट्रातील तालीम-परंपरेच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

गोल्फ हा सोलापूरचा खेळ नव्हे. या शहराच्या क्रीडाजीवनाची मुळे तालमीत आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे कापडगिरण्या उभ्या राहिल्या, कामगारवस्ती वाढली आणि पेठापेठांतून तालमींना बहर आला. थोरला मंगळवेढा तालीम, पत्रा तालीम, पाणीवेस तालीम ही नावे आज सार्वजनिक उत्सवांच्या संदर्भात अधिक ऐकू येतात. तथापि त्यांतील ‘तालीम’ हा शब्द मूळ अरबी असून त्याचा अर्थ ‘शिक्षण’ असा आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. कुस्तीच्या जागेला मराठी माणसाने खेळण्याची जागा म्हटले नाही, शिकण्याची जागा म्हटले. प्रस्तुत लेखाचा विषय गोल्फ असला, तरी त्याचे सूत्र या एका शब्दात सापडते.

गेल्या दोन-तीन दशकांत गोल्फ हा लष्करी अधिकारी आणि बडे उद्योगपती यांच्या वर्तुळाबाहेर हळूहळू येऊ लागला आहे. डॉक्टर, अभियंते, लहानमोठे कारखानदार, संगणक क्षेत्रातील नोकरदार असे लोक पुण्या-मुंबईच्या मैदानांवर चाळिशीच्या आसपास प्रथमच हाती काठी घेतात. आठवड्याचे पाच-सहा दिवस खुर्चीत बसलेला हा माणूस रविवारी पहाटे मैदानावर उतरतो आणि संपूर्ण ताकदीनिशी फटके मारू लागतो. ‘या खेळाला कुठे शरीर लागते?’ ही त्याची समजूत असते आणि वर्षा-दोन वर्षांत पाठ धरल्यावर ती मोडते. ही समजूत आली कोठून, जागतिक गोल्फने ती केव्हा आणि कशी टाकून दिली, आणि ज्या प्रदेशात व्यायामाचा एवढा सूक्ष्म विचार झाला तेथील हौशी खेळाडूला स्वतःच्या परंपरेतून काय घेता येईल, या तीन प्रश्नांचा येथे इतिहासाच्या अंगाने विचार केला आहे.

शरीराविषयीचा संशय

गोल्फच्या इतिहासातील सर्वांत जुनी सरकारी नोंद ही या खेळावरील बंदीची आहे. स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ मध्ये फुटबॉल आणि गोल्फ या दोन्ही खेळांना मनाई केली. कारण असे, की तरुण मंडळी त्यांच्या नादी लागून धनुर्विद्येचा सराव टाळत होती आणि राज्याला तिरंदाजांची गरज होती. म्हणजे ज्या क्षणी गोल्फ इतिहासात प्रवेश करतो, त्याच क्षणी तो शारीरिक सिद्धतेचा विरोधक म्हणून उभा केला जातो. हा निव्वळ योगायोग आहे, हे मान्य. परंतु पुढील चार-पाच शतकांत या खेळाची जी प्रतिमा घडली तिच्याशी तो विलक्षण जुळतो.

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये ‘हौशी’ खेळाडूची कल्पना पक्की झाली. ‘अ‍ॅमॅच्युअर’ हा मूळ शब्द लॅटिनमधील प्रेम करण्याच्या क्रियापदापासून आलेला. आपला ‘हौशी’ त्याला अर्थाने बराच जवळचा. परंतु इंग्रजी समाजात या शब्दाला वर्गाची कुंपणे पडली. थेम्स नदीवरील हेन्लीच्या नौकाशर्यतीसाठी १८७९ मध्ये जी व्याख्या ठरली, तिच्यानुसार मजुरीवर काम करणारा कारागीर अथवा मजूर हौशी खेळाडू ठरू शकत नव्हता. रोजच्या कष्टाने कमावलेले शरीर घेऊन तो शर्यतीत उतरणार, हे सद्गृहस्थांना न्याय्य वाटत नव्हते. या व्याख्येचा एक आनुषंगिक परिणाम असा झाला, की शरीर कमावणे हीच गोष्ट काहीशी हलकी मानली जाऊ लागली. सद्गृहस्थाने सहज खेळावे, सहज जिंकावे. घाम गाळून तयारी करणे हे पोटार्थी व्यावसायिकाचे लक्षण. गोल्फ हा तर सद्गृहस्थांच्या क्लबांचा खेळ. त्यात हा विचार सर्वाधिक मुरला यात नवल नाही.

अमेरिकेत या कुंपणाला पहिले मोठे खिंडार पडले ते १९१३ मध्ये. फ्रान्सिस विमेट हा वीस वर्षांचा हौशी तरुण, जो लहानपणी खेळाडूंच्या पिशव्या वाहण्याचे काम करीत असे, त्याने हॅरी वॉर्डन आणि टेड रे या इंग्लंडच्या नामांकित व्यावसायिकांना हरवून अमेरिकन खुली स्पर्धा जिंकली. पिशवी वाहणाऱ्या मुलाचे पाय आणि खांदे मैदानावर काय करू शकतात हे त्या दिवशी दिसले. मात्र त्याचा तसा अर्थ त्या काळी कोणी लावला नाही.

शरीराचा प्रश्न उघडपणे पुढे आणला तो फ्रँक स्ट्रॅनहन याने, आणि तोही हौशीच होता. श्रीमंत कारखानदाराचा हा मुलगा गोल्फबरोबर वजने उचलण्याचा नियमित व्यायाम करी आणि स्पर्धांना जाताना आपले लोखंड बरोबर नेई. त्याचे सामान उचलताना हॉटेलातील हमालांची कशी तारांबळ उडे याचे किस्से गोल्फच्या जगात अद्याप सांगितले जातात. १९४८ आणि १९५० या दोन वर्षी त्याने ब्रिटिश हौशी अजिंक्यपद मिळवले, १९४७ आणि १९५३ च्या ब्रिटिश खुल्या स्पर्धेत व्यावसायिकांच्या बरोबरीने तो संयुक्त दुसरा आला, आणि १९५४ मध्ये व्यावसायिक झाला. तरीही समकालीनांच्या लेखी तो एक विक्षिप्त श्रीमंत होता. स्नायू जड झाले की फटक्यातील लय जाते, हे मत त्या काळी जवळजवळ सर्वमान्य होते.

दक्षिण आफ्रिकेच्या गॅरी प्लेअर यांनी हे मत एकट्याच्या बळावर मोडीत काढले, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. उंचीने बेताचे, प्रतिस्पर्ध्यांच्या तुलनेत हाडापेराने लहान असे प्लेअर १९५० च्या दशकापासून वजनांचा व्यायाम, आहारनियमन आणि धावणे यांचा आग्रह धरीत आले. १९६५ मध्ये त्यांनी चारही प्रमुख स्पर्धा जिंकण्याचा मान पूर्ण केला. १९७८ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, मास्टर्स स्पर्धेच्या अखेरच्या दिवशी ६४ फटक्यांची फेरी खेळून त्यांनी ती स्पर्धा तिसऱ्यांदा जिंकली. एकूण नऊ प्रमुख विजेतेपदे त्यांच्या नावावर आहेत. ज्यांचे शरीर जन्मतः अनुकूल नाही त्यांच्यासाठी व्यायाम अधिक महत्त्वाचा, हा प्लेअर यांच्या कारकिर्दीचा अर्थ हौशी खेळाडूने विशेष ध्यानात घ्यावा. १९९७ मध्ये टायगर वुड्स यांनी बारा फटक्यांच्या फरकाने मास्टर्स जिंकल्यानंतर तर व्यायामशाळा हा व्यावसायिक गोल्फपटूच्या दिनक्रमाचा अविभाज्य भाग झाला. त्याविषयी इतके लिहिले गेले आहे, की येथे पुनरुक्ती नको.

भारतातील गोल्फ : खेळणारा आणि ओझे वाहणारा

ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब कोलकात्याचा. त्याची स्थापना १८२९ ची. त्यानंतर १८४२ मध्ये मुंबईत रॉयल बॉम्बे गोल्फ क्लब निघाला. अमेरिकेला या खेळाची नीटशी ओळख होण्यापूर्वी तो मुंबई इलाख्यात पोहोचला होता, पण पोहोचला तो छावणीच्या वाटेने. पुण्यासारख्या लष्करी ठाण्यात तो रुजला आणि दीर्घकाळ गोऱ्या अधिकाऱ्यांपुरता राहिला. मुंबईत १९१८ मध्ये विलिंग्डन क्लब भारतीय आणि युरोपीय या दोहोंसाठी खुला झाला. १९२७ मध्ये चेंबूर येथे बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबची स्थापना झाली. भारतीय सभासद या मैदानांवर आले, परंतु त्यांच्याबरोबर खेळाची जी रीत आली तिच्यात अंगमेहनतीचा भाग दुसऱ्या कोणाकडे सोपवलेला होता.

हा ‘दुसरा’ म्हणजे कॅडी. अठरा होलांच्या एका फेरीत खेळाडू साधारणतः आठ ते दहा किलोमीटर चालतो आणि चार-पाच तास मैदानावर असतो. एवढे अंतर दहा-बारा किलोंची पिशवी खांद्यावर घेऊन, चढउतारांवरून, उन्हातून कॅडी चालतो. तो चेंडू शोधतो, वारा ओळखतो, अंतर सांगतो. आपल्या देशात खेळाचे तंत्र सभासदाकडे आणि खेळाचे शरीर कॅडीकडे अशी ही विभागणी झाली. तिचा परिणाम पुढे जो दिसला तो बोलका आहे. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे अली शेर हे दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून वाढले होते. २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे हीच स्पर्धा जिंकणारे एस. एस. पी. चौरसिया हे कोलकात्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्याचे चिरंजीव. ज्या मुलांना खेळण्याची परवानगी मिळण्याआधी चालण्याचे काम मिळाले, त्यांची तयारी नकळत झाली होती.

भारतीय हौशी खेळाडूंची कामगिरी यामुळे उणी ठरत नाही. १९६५ मध्ये पी. जी. सेठी यांनी हौशी खेळाडू असताना इंडियन ओपन जिंकली. तसे पुन्हा कोणाला साधलेले नाही. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत गोल्फचा प्रथमच समावेश झाला आणि लक्ष्मण सिंग यांनी वैयक्तिक सुवर्णपदक, तर भारतीय हौशी संघाने सांघिक सुवर्णपदक पटकावले. पण हे लहान वयात मैदानावर वाढलेले खेळाडू होते. आपला विषय चाळिशीत सुरुवात करणारा हौशी आहे. त्याला दिलासा देणारे उदाहरण अमेरिकेच्या वॉल्टर ट्रॅव्हिस यांचे. त्यांनी १८९६ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, पहिल्यांदा काठी हाती घेतली आणि चारच वर्षांत अमेरिकन हौशी अजिंक्यपद मिळवले.

मेहनत आणि लढत

आता तालमीकडे वळू. तालमीच्या भाषेत दोन क्रिया वेगळ्या आहेत: ‘मेहनत’ आणि ‘लढत’. जोर, बैठका, मुद्गल, करेल, मल्लखांब, हौदा खणणे ही मेहनत. जोडीदाराशी प्रत्यक्ष झुंजणे ही लढत. मेहनत लढतीसाठी आहे, पण ती लढत नव्हे. आणि मेहनतीवाचून लढतीला उभे राहणाऱ्या पठ्ठ्याला वस्ताद हौद्यात उतरू देत नसे. आधुनिक क्रीडाशास्त्र ज्याला पूरक व्यायाम म्हणते तो विचार येथे रोजच्या व्यवहारात रुजलेला होता.

या विचाराचे जुने लेखी प्रमाण सोलापूरच्या शेजारीच सापडते. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. आजच्या सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा-पंढरपूरचा टापू त्याच्याच राज्यात मोडत होता. या ग्रंथातील मल्लविनोदाच्या प्रकरणात मल्लांचे वय, अंगकाठी आणि बळ यांवरून प्रकार पाडलेले आहेत आणि त्यांचा व्यायाम व खुराक यांचे विवेचन आहे. मल्लखांबाचा सर्वांत जुना उल्लेख याच ग्रंथातील मानला जातो. विशेष म्हणजे याच ग्रंथात घोड्यावर बसून काठीने चेंडू मारण्याच्या राजेशाही खेळाचेही वर्णन आहे. काठी-चेंडूचा खेळ हे राजाचे मनोरंजन आणि व्यायामाचे शास्त्र हे मल्लाचे. हीच विभागणी पुढे क्लबच्या मैदानावर सभासद आणि कॅडी यांच्यात पुन्हा दिसते. सोमेश्वराच्या ग्रंथाचा गोल्फशी कोणताही संबंध नाही, हे सांगणे अर्थात आवश्यक आहे. आपल्याकडे असे संबंध जोडण्याची हौस दांडगी आहे.

पेशवाईच्या अखेरीस, दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाने, बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाला पद्धतशीर रूप दिले. कुस्तीगिराच्या अंगी लवचीकपणा, पकड आणि चपळाई यावी म्हणून योजलेला हा व्यायाम पुढे स्वतंत्र क्रीडाप्रकार झाला. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखवली. बडोद्याहून द. चिं. मुजुमदार यांच्या संपादनाखाली ‘व्यायाम ज्ञानकोश’ याच सुमारास खंडशः प्रसिद्ध होऊ लागला. त्याचे दहा खंड चाळले की एका पिढीने या विषयात किती श्रम ओतले होते याची कल्पना येते.

मात्र केवळ मेहनत पुरत नाही, हेही याच इतिहासातून शिकावे लागते. कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले, तेव्हा तांबड्या मातीत घडलेल्या या मल्लाला गादीवरील कुस्तीची सवय नव्हती. ताकद होती, दम होता. पण पायाखालचा पृष्ठभाग अनोळखी होता. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले ते त्या पृष्ठभागाशी आणि त्या नियमांशी जुळवून घेतल्यावर. जाधव हे अस्सल हौशी खेळाडू. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले होते. व्यायाम ज्या खेळासाठी करायचा त्या खेळाच्या हालचालीशी तो जुळला पाहिजे, ही गोष्ट त्यांच्या चार वर्षांच्या वाटचालीत जितकी स्पष्ट दिसते तितकी पाठ्यपुस्तकात दिसत नाही.

उतारवयातील हौशी खेळाडूचे उदाहरण हवे असेल, तर ते प्रा. दि. ब. देवधरांचे. पुण्याला संस्कृत शिकवणारे हे प्राध्यापक पन्नाशीच्या उंबरठ्यावर महाराष्ट्राचे कर्णधार होते आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने १९३९-४० आणि १९४०-४१ असे लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. पन्नाशी उलटल्यावर रणजी सामन्याच्या दोन्ही डावांत त्यांनी शतके काढली. शंभरी पार करून १९९३ मध्ये त्यांचे निधन झाले. खेळणे हे ज्यांचे पोटाचे साधन नव्हते, अशा माणसाने शरीर किती काळ खेळण्यायोग्य ठेवावे याचा हा मराठी मानदंड आहे.

मुद्गलाचा उलटा प्रवास

ज्या काळात गोल्फची काठी छावण्यांच्या वाटेने भारतात आली, त्याच काळात आणि त्याच छावण्यांतून भारतीय मुद्गल इंग्लंडला गेला, हा क्रीडाइतिहासातील एक मनोरंजक विनिमय आहे. ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी येथील शिपाई आणि पहिलवान मुद्गल फिरवताना पाहिले आणि हा व्यायाम उचलला. डोनाल्ड वॉकर यांच्या १८३४ मधील व्यायामविषयक इंग्रजी पुस्तकात त्याचे वर्णन आहे. १८६६ मध्ये सिम केहो यांनी अमेरिकेत त्यावर स्वतंत्र पुस्तक काढले. पुढे १९०४ च्या सेंट लुइस आणि १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मुद्गल फिरवण्याची चक्क स्पर्धा झाली. अर्थात तोवर त्याचे वजन पार उतरले होते. आपल्या तालमीतील जोडी तोलायला वस्तादाचा खांदा लागे. परदेशी दिवाणखान्यातील मुद्गल शाळकरी मुलींनाही फिरवता येत असे.

गोल्फचा फटका आणि मुद्गलाचा फेर यांत साम्य आहे आणि भेदही आहे. दोन्हींत लांब दांड्याच्या टोकाशी असलेले वजन खांद्यामागून फिरवून आणायचे असते. दोन्हींत मनगट घट्ट धरले की घात होतो. परंतु मुद्गल दोन्ही हातांनी आळीपाळीने, सारख्या संख्येने फिरवला जातो. गोल्फचा फटका मात्र जन्मभर एकाच बाजूने मारला जातो. शेकडो फटके एका दिशेने मारणाऱ्या शरीराला उलट दिशेची मेहनत लागते आणि ती गोल्फच्या सरावातून कधीच मिळत नाही. माझ्या मते हौशी गोल्फपटूला तालमीकडून घेण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट ही उजव्या-डाव्याची समता होय.

कमरेचा प्रश्न

फटका मारायला एक सेकंदाहून थोडासाच अधिक वेळ लागतो. काठी वर नेताना खांदे सुमारे नव्वद अंश आणि कटिभाग सुमारे पंचेचाळीस अंश वळतो, असे सर्वसाधारण गणित सांगितले जाते. या दोहोंतील फरकातून पीळ निर्माण होतो आणि तो उलगडताना जमिनीपासून पाय, मांड्या, कटिभाग, धड, खांदे, हात या क्रमाने बळ काठीच्या टोकाकडे जाते. व्यावसायिक पुरुष खेळाडूच्या काठीचे टोक ताशी १८० किलोमीटरच्या पुढे वेग घेते. हौशीचे साधारणतः १५० च्या आसपास रेंगाळते. बळ हातात नसून ते पायातून वर येते, हे नवख्याला पटत नाही आणि तो दंडाच्या जोरावर ४६ ग्रॅमच्या चेंडूवर तुटून पडतो.

येथेच पाठीचे दुखणे सुरू होते. कमरेचे पाच मणके मिळून जेमतेम दहा-पंधरा अंशच वळू शकतात. वळण्याचे खरे काम खुब्याच्या सांध्यांनी आणि छातीमागील मणक्यांनी करायचे असते. दिवसभर बसून काम करणाऱ्याचे नेमके हेच दोन भाग आखडलेले असतात. मग जे त्यांनी करायचे ते कमरेवर येऊन पडते. हौशी खेळाडूंच्या दुखापतींत पाठीचा खालचा भाग आणि कोपर यांचे प्रमाण सर्वाधिक असल्याचे क्रीडावैद्यकातील अनेक पाहण्यांतून दिसले आहे. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग याबाबत उल्लेखनीय आहे. सरासरी वय सत्तेचाळीसच्या घरात असलेल्या हौशी पुरुष खेळाडूंना आठ आठवडे ताणाचे, बळाचे आणि तोलाचे साधे व्यायाम देण्यात आले. त्यांच्या काठीचा वेग सुमारे पाच टक्क्यांनी वाढला आणि फटक्याच्या अंतरातही त्याहून थोडी अधिक भर पडली. खेळाडूंची संख्या थोडी होती, हे खरे. तरी चाळिशीनंतरही शरीर ऐकते, एवढे त्यातून निश्चित दिसते.

याच दृष्टीने औंधच्या सूर्यनमस्काराकडे पुन्हा पाहावेसे वाटते. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी नमस्कारांचा प्रसार राज्याच्या धोरणाचा भाग केला, शाळाशाळांतून ते सुरू केले. औंध संस्थानातील आटपाडीचा मुलूख सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्याला लागूनच आहे. बाळासाहेबांनी आधी सँडोच्या पद्धतीचा साधनांचा व्यायाम केला होता आणि तो अनुभवून ते नमस्काराकडे वळले, ही बाब महत्त्वाची आहे. त्यांचा आग्रह अंधश्रद्धेतून आलेला नव्हता. नमस्कारात खुबा पूर्ण उघडतो आणि पूर्ण मिटतो, छाती फाकते, पाठीचा कणा दोन्ही दिशांना वाकतो, आणि पाय मागे नेण्याची क्रिया आळीपाळीने होते. आखडलेल्या खुब्याला याहून सोपे, कमी जागेत होणारे औषध नाही. मात्र त्यात वळण्याची हालचाल जवळजवळ नाही. तेव्हा नमस्काराने गोल्फची संपूर्ण तयारी होते असे कोणी म्हटल्यास ते मान्य करता येणार नाही. त्याच्या जोडीला धडाचा पीळ देणारी एखादी क्रिया हवीच.

जोर-बैठकांबाबत अधिक सावध राहावे लागते. तालमीत हजार बैठकांचा अभिमान बाळगला जाई. पण तो विशीतल्या, खुराक घेणाऱ्या पठ्ठ्याचा हिशेब होता. पन्नाशीच्या गुडघ्याने तो आकडा गाठण्याच्या भानगडीत पडू नये. ज्याला पाठीचे दुखणे आहे त्याने जोर काढताना कंबर खाली झोकून देऊ नये. ‘मानसोल्लासा’ने मल्लांचे वयानुसार प्रकार पाडले ते उगाच नव्हे.

कंबरेच्या बळाचे सोलापूरकरांनी दरवर्षी पाहिलेले एक उदाहरण आहे. मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या श्री सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात. पांढऱ्या बाराबंदीतील मानकरी उंच, जड काठी उभी तोलत चालतात. भार कमरेवर आणि मांड्यांवर असतो. हातांचे काम तोल राखण्यापुरते. दंडाच्या बळावर काठी पेलू पाहणारा फार पावले चालू शकत नाही. या सेवेसाठी यात्रेच्या कितीतरी आधीपासून सराव सुरू होतो आणि तो करणारे लोक एरवी नोकरी-धंद्यातलेच असतात. खेळ नसूनही हौशी माणसाच्या ऋतुमानानुसार होणाऱ्या तयारीचा हा नमुना आहे. पावसाळ्यात मैदान बंद राहिलेला गोल्फपटू ऑक्टोबरात थेट मैदानावर उतरतो, तेव्हा त्याच्या मागे असे सरावाचे आठवडे नसतात.

व्यायामाची मर्यादाही नमूद करावी. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथ्या आल्या, तेव्हा त्यांचे लांब फटके स्पर्धेतील आघाडीच्या खेळाडूंहून बरेच आखूड पडत होते. कोविडमधून उठल्यावर त्यांचा पल्ला आणखी घटला होता. होलाजवळचा त्यांचा हळुवार हात मात्र सर्वांना भारी ठरला. याच ऑलिंपिकमध्ये पुरुष गटात उदयन माने हे मराठी नाव झळकले. अदितींचे उदाहरण देऊन व्यायाम अनावश्यक ठरवणारे हे विसरतात, की सलग चार दिवस बहात्तर होल चालून शेवटच्या होलावर हात हळुवार ठेवण्यासाठीच पाय शाबूत लागतात. बेन होगन यांनी १९४९ च्या भीषण मोटार अपघातानंतर पुढच्याच वर्षी अमेरिकन खुली स्पर्धा जिंकली. तेव्हा अखेरच्या शनिवारी छत्तीस होल चालताना त्यांची झुंज तंत्राशी नव्हतीच, ती स्वतःच्या पायांशी होती.

पुढील अभ्यासासाठी

या विषयाचे पुढचे काम ग्रंथालयात कमी आणि पेठांत अधिक आहे. सोलापूर, कोल्हापूर, सांगली येथील जुन्या तालमींच्या कोपऱ्यात मुद्गलांच्या जोड्या, करेल, दगडी नाल आणि संतोले धूळ खात उभे आहेत. लाकूड कोणते, वजन किती, लांबी किती, मुठीची जाडी किती, कोणत्या वयाच्या पठ्ठ्याला कोणती जोडी दिली जाई, दिवसाला किती फेर आणि उजवे-डावे कसे मोजले जात, याची नोंद वयोवृद्ध वस्तादांच्या तोंडून घ्यायला हवी. इतिहास आणि शारीरिक शिक्षण या दोन विभागांच्या विद्यार्थ्यांनी जोडीने केल्यास हे काम एका वर्षात होण्यासारखे आहे. पुण्या-मुंबईच्या मैदानांवरील वयस्कर कॅडींच्या मुलाखतीही त्याच प्रश्नावलीत घ्याव्यात: पिशवी कोणत्या खांद्यावर घेत होता, दिवसाला किती फेऱ्या होत, आणि आज कोणता खांदा दुखतो.